थिबाच्या वाड्यांतील भूत आणि आमचे कादंबरीकार

नारळी पौर्णिमा उलटून होड्या दर्यांत लोटल्या कीं रत्नागिरींत मासळीचा मोसम सुरू होतो, आणि त्याच सुमारास आमच्याकडे हस्तलिखितांचाही मोसम सुरू होतो. चार महिने पागोळ्यांचा आवाज ऐकत घरांत बसलेल्या आमच्या लेखकबंधूंनीं व भगिनींनीं जें कांहीं लिहून काढलेलें असतें, तें सर्व ‘अभिप्रायार्थ’ म्हणून आमच्या मेजावर येऊन पडतें. त्यांत अलीकडे एका जातीच्या पिकानें फार जोर धरला आहे. त्याचें बियाणें इतकें ठराविक आहे कीं पहिलें पान वाचतांच शेवटच्या पानावर काय असेल, हें आम्ही तें न उलटतां सांगूं शकतों.

मुंबईहून एक तरुण संशोधक ऐन श्रावणांत आगबोटीनें आलेल्या आपल्या पणजोबांचा शोध घेत रत्नागिरीस येतो. थिबा राजाच्या वाड्याशेजारीं तो उतरतो. पौर्णिमेच्या रात्रीं वाड्याच्या सज्ज्यांत त्याला पांढरी साडी नेसलेली एक स्त्री दिसते व मोगऱ्याचा वास येतो. दुसऱ्या दिवशीं एका जुन्या पेटींत रोजनिशी सांपडते. आणि तीवरून असें उघड होतें कीं, ब्रह्मदेशच्या थोरल्या राजकन्येनें एका मराठी पहारेकऱ्यावर प्रेम केलें, ह्याच सज्ज्यांत दोघांच्या भेटी झाल्या, पुढें तें प्रेम विफल होऊन तिनें येथूनच खालीं उडी घेतली, आणि तेव्हांपासून तिचा आत्मा वाड्यांत घोटाळत आहे. हा संशोधकच मागल्या जन्मींचा पहारेकरी होता, असें शेवटीं ठरतें. मुखपृष्ठावर ‘ऐतिहासिक प्रेमकथा’ हीं ठळक अक्षरें, आणि त्यांच्याखालीं बारीक टाइपांत ‘सत्य घटनेवर आधारित’.

हा मजकूर वाचून आमच्या वाचकांस हसूं येईल. आम्हांसही पहिल्यानें आलें. परंतु हाच प्रकार नांवें बदलून दुसऱ्यांदां, तिसऱ्यांदां हातीं आला तेव्हां हसूं मावळलें व खेद वाटूं लागला. कारण ज्या बाईस हे लेखक सज्ज्यांतून ढकलून देतात ती बाई कल्पनेंतील नव्हे. ती ह्या गांवांत राहिली, ह्या गांवांत मेली, आणि तिला पाहिलेलीं माणसें आमच्या वडील पिढींत होतीं. म्हणून ह्या विषयावर आम्ही चार शब्द स्पष्टपणें लिहिणार आहों. कित्येकांस ते कडू लागतील, त्यास इलाज नाहीं.

आधीं एक गैरसमज दूर करूं. ऐतिहासिक कादंबरींत भूत असूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. असें म्हणणारा एक वर्ग आहे, व त्याच्याविषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर आहे. रत्नागिरीस तर हा वाद मुळींच नवा नाहीं. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत येथें स्थानबद्ध होते; १९३१ सालीं येथें पतितपावन मंदिर उभें राहिलें; आणि त्यांच्या विज्ञाननिष्ठ निबंधांनीं भाबड्या समजुतींवर जे कोरडे ओढले त्यांचे वळ अजून बुजलेले नाहींत. पुढें डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांनीं त्याच कामीं आपलें आयुष्य वेंचलें. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला, व त्याच वर्षाच्या अखेरीस जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रांत संमत झाला. ज्या प्रांतांत एवढी किंमत देऊन हा कायदा मिळाला तेथें कादंबरीकारानें भुतें नाचवावीं काय, असा ह्या वर्गाचा सवाल आहे.

सवाल रास्त आहे. पण त्यांत दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. भूत आहे काय, हा एक प्रश्न. १८९० सालचा रत्नागिरींतील माणूस भुताला भीत होता काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर आम्हीही सावरकरांप्रमाणेंच देऊं. दुसऱ्याचें उत्तर ‘होय’ असें आहे, व तें इतिहासाचें उत्तर आहे. त्या काळचा माणूस कोणत्या भाताची पेज जेवत होता हें सांगणें जसें कादंबरीकाराचें कर्तव्य, तसेंच तिन्हीसांजा झाल्यावर तो कोणत्या पिंपळाखालून जाण्याचें टाळीत होता हें सांगणें हेंही त्याचें कर्तव्यच आहे. भुताला वगळून लिहिलेली जुन्या कोंकणाची कथा ही मिठावांचून केलेल्या कालवणासारखी होईल. तेव्हां आमची तक्रार भुताबद्दल नाहीं. खोट्या भुताबद्दल आहे.

भूत मुळांतच खोटें, मग त्यांत खरें-खोटें काय पाहावयाचें, असें कोणी विचारील. ज्याच्यावर कोणा एका काळच्या, कोणा एका ठिकाणच्या माणसांचा विश्वास होता तें भूत वाङ्मयाच्या दृष्टीनें खरें. आणि ज्याला लेखकानें कथेचें भोंक बुजविण्यासाठीं उभें केलें तें खोटें. ही कसोटी लावून आमच्या कादंबरीकारांचें हें पांढऱ्या साडींतलें भूत पाहूं.

पहिली गोष्ट तिच्या वस्त्राची. ही पांढरी साडी कोंकणांतून आलेली नाहीं. आमच्याकडील जुन्या चालीची विधवा ब्राह्मण स्त्री तांबडें आलवण नेसे. पांढरें पातळ, सुटे केंस, हातांत मेणबत्ती हें सोंग हिंदी बोलपटांतून आमच्या लेखकांच्या डोळ्यांत शिरलें, आणि तेथून सरळ लेखणींत उतरलें. मधल्या वाटेवर आपल्या आजीला एक प्रश्न विचारावा एवढेंही त्यांस सुचलें नाहीं.

दुसरी गोष्ट तिच्या जातीची. कोंकणांत ‘भूत’ असें एकच एक भूत नाहीं. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वीं जो मुलगा गेला तो मुंजा. गरोदरपणीं किंवा बाळंतपणांत जी स्त्री दगावली ती हडळ. द्रव्याचा लोभ ठेवून जो ब्राह्मण मेला तो ब्रह्मसमंध. पाण्यांत ओढतो तो गिऱ्हा. रात्रीं वाट चुकवितो तो चकवा. आणि गांवची शीव सांभाळतो तो देवचार किंवा राखणदार, त्याला तर भूत म्हटलेलेंही गांवकरी खपवून घेत नाहींत. ह्या यादीकडे नीट पाहिलें तर ती त्या समाजाच्या दुःखांची नोंदवही आहे, हें ध्यानांत येईल. ज्या काळीं बाळंतपणांत मरण ही घरोघरची गोष्ट होती त्या काळानें हडळ निर्माण केली. ज्या काळीं मुलें अकालीं जात त्यानें मुंजा निर्माण केला. हडळीची कथा सांगणारा कादंबरीकार जर त्या घरांतील सुइणीची, अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीची व विझत आलेल्या शेगडीची कथा सांगत नसेल, तर त्यानें हडळीचें फक्त नांव उसनें घेतलें, असें म्हणावें लागेल.

ह्या बाबतींत साधनें नाहींत, अशी सबब चालणार नाहीं. रत्नागिरी जिल्ह्याचें सरकारी गॅझेटिअर १८८० सालीं, म्हणजे थिबा येथें येण्यापूर्वीं सहा वर्षें, प्रसिद्ध झालें आहे. कोंकणांतील लोकसमजुतींचा एन्थोव्हेनसाहेबांनीं सिद्ध केलेला ग्रंथ १९१५ सालचा आहे. त्याची जन्मकथाच एका कादंबरीस पुरेल अशी आहे. तीं टिपणें मूळचीं जॅक्सनसाहेबांचीं. त्यांनीं प्रश्नावली काढली व गांवोगांवच्या शाळामास्तरांनीं आपापल्या गांवचे देव, भुतें, नवस व उतारे ह्यांविषयीं उत्तरें लिहून पाठविलीं. हेच जॅक्सन पुढें नाशिकचे कलेक्टर झाले, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या नाटकगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगीं अनंत कान्हेरे ह्यांच्या गोळीस बळी पडले. कान्हेरे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यांतील, खेड तालुक्यांतले. आमच्या आजोबांच्या भुतांची नोंद ज्या परक्या अधिकाऱ्यानें करविली तो आमच्याच जिल्ह्यांतील एका तरुणाच्या हातून मेला, व त्याच्या मागें तीं टिपणें ग्रंथरूपानें आलीं. आमच्याकडे आलेल्या हस्तलिखितांच्या लेखकांनीं हा ग्रंथ उघडल्याची एकही खूण आम्हांस दिसली नाहीं.

आतां तिसऱ्या व मुख्य गोष्टीकडे वळूं. हें भूत कोणाचें?

थिबाची हकीकत आमच्या वाचकांस ठाऊक आहे. तरी तारखा पुन्हां मांडतों, कारण ह्या वादांत तारखांनाच बोलूं देणें बरें. नोव्हेंबर १८८५ मध्यें इंग्रजांनीं मंडाले घेतलें. राजा, त्याची राणी सुपयालत, तिची धाकटी बहीण व मुली ह्यांस प्रथम मद्रासेस नेलें, आणि एप्रिल १८८६ मध्यें रत्नागिरीस आणून ठेविलें. सरकारनें दिलेल्या बंगल्यांत हें कुटुंब जवळजवळ पाव शतक राहिलें. आज ज्याला आपण थिबा पॅलेस म्हणतों तो वाडा १९१० च्या सुमारास पुरा झाला. डिसेंबर १९१६ मध्यें राजा वारला. १९१९ सालीं कुटुंबास ब्रह्मदेशांत परत जातां आलें. सुपयालत १९२५ सालीं रंगूनला वारली.

थोरली राजकन्या १८८० सालीं मंडालेच्या राजवाड्यांत जन्मली. येथें आली तेव्हां ती सहा वर्षांचीही झाली नव्हती. सरकारी पहाऱ्यांत ती वाढली; बरोबरीचा वर मिळण्याची वाट बंद होती. वाड्याच्या फाटकावरील गोपाळ सावंत ह्या, आधींच विवाहित असलेल्या, नोकराशीं तिचा संबंध जडला व १९०६ सालीं तिला मुलगी झाली. ती मुलगी टुटू. १९१९ नंतर राजकन्या ब्रह्मदेशांतून रत्नागिरीस परत आली. १९४७ सालीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षाच्या सुमारास, गरिबींत तिचा येथेंच अंत झाला. टुटू मराठी बोलत वाढली, इथल्याच घरांत तिनें संसार केला, आणि २००० सालीं ती वारली.

आतां वाचकांनींच हिशेब करावा. मुलगी जन्मली १९०६ सालीं, आणि वाडा पुरा झाला १९१० च्या सुमारास. तर मग प्रेमीजनांच्या त्या पौर्णिमेच्या भेटी ज्या सज्ज्यांत झाल्या तो सज्जा होता कोठें? जी भिंत अजून उठली नव्हती तिच्या आडून हीं दोघें कुजबुजत होतीं! पणजोबा ऐन श्रावणांत आगबोटीनें उतरले म्हणावें, तर पावसाळ्यांत ह्या किनाऱ्यावरील आगबोटी बंद असत, ही गोष्ट त्या काळच्या पोरासोरांसही ठाऊक होती. एवढी चौकशी ज्यांनीं केली नाहीं त्यांनीं आपल्या ग्रंथास ‘ऐतिहासिक’ हें विशेषण कोणत्या अधिकारानें लाविलें?

परंतु तारीख चुकणें हा लहान अपराध. भल्याभल्यांच्या हातून तो घडतो, व पुढील आवृत्तींत दुरुस्त होतो. मोठा अपराध निराळाच आहे. ह्या लेखकांनीं राजकन्येला विशींत-पंचविशींत मारलें. कां मारलें? कारण पुढलीं चाळीस वर्षें लिहिण्यास त्यांची लेखणी धजत नाहीं. सज्ज्यांतून उडी घेणारी सुंदर तरुणी लिहिणें सोपें. तिच्यासाठीं चंद्र आहे, मोगरा आहे, वारा आहे. पण राजाची मुलगी असून परमुलखांत एका दारवानाच्या आश्रयानें राहिलेली, वय वाढत चाललेली, मुलीला दोन वेळां जेवूं कसें घालावें ह्या विवंचनेंतली बाई लिहिणें कठीण. तिच्यासाठीं चंद्र नाहीं, चूल आहे. तिच्यासाठीं वाणी आहे, उधारी आहे, शेजाऱ्यांची कुजबूज आहे. आणि सर्वांत अवघड गोष्ट ही कीं त्या शेजाऱ्यांत आपणच आहों. तिला गरिबींत दिवस काढतांना रत्नागिरीनें पाहिलें आहे. इंग्रजांनीं तिच्या बापाचें राज्य घेतलें हें खरें; पण ती आमच्या गल्लींतून जात होती तेव्हां आम्ही काय केलें, ह्या प्रश्नाचें उत्तर इंग्रजांनीं द्यावयाचें नाहीं. भूत केल्यानें हा प्रश्न चुकवितां येतो. भुताला भाकरी लागत नाहीं. भुताचा कोणी शेजारी नसतो. म्हणून आम्ही म्हणतों कीं हें पांढऱ्या साडींतलें भूत म्हणजे आमच्या लाजेवर ओढलेली पांढरी चादर आहे.

ह्यावर ठरलेलें उत्तर तयार असतें: ‘आम्ही इतिहासकार नव्हे, कादंबरीकार आहों, कवि निरंकुश असतो.’ हें वचन ज्यांच्या तोंडीं नेहमीं असतें त्यांनीं अंकुश म्हणजे काय तें एकदां पाहून घ्यावें. कागद जेथें गप्प आहेत तेथें कादंबरीकार राजा आहे, हें आम्हांस सर्वथा मान्य. राजकन्या व सावंत प्रथम कोणत्या भाषेंत बोललीं, तिनें मराठीचे कोणते शब्द आधीं उचलले, १९१९ नंतर ती परत येण्यास निघाली तेव्हां तिच्या मनांत काय होतें, हें सर्व कादंबरीकारानें खुशाल रचावें. कागद जेथें बोलतात तेथें मात्र त्यानें ऐकून घेतलें पाहिजे. तसें ऐकावयाचें नसेल तर त्यालाही सोपा मार्ग आहे: नांव बदला, गांव बदला, ‘ऐतिहासिक’ हा शब्द खोडा, आणि मग हवी त्याला हवी तेथून उडी घ्यावयास लावा. आमची हरकत नाहीं. अमिताव घोष ह्यांनीं ‘द ग्लास पॅलेस’ ह्या २००० सालच्या इंग्रजी कादंबरींत हाच प्रसंग घेतला. दारवानाचा गाडीवान केला, पण राजकन्येच्या पोटचें मूल लपविलें नाहीं व तिला सोयीसाठीं ठारही केलें नाहीं. त्यानंतर २०१२ सालीं सुधा शाह ह्यांनीं ह्या राजघराण्याचा परिश्रमपूर्वक चरित्रग्रंथ इंग्रजींत लिहिला. आमच्या उंबऱ्यावरची ही कथा एका बंगाली लेखकानें इंग्रजींत सांगावी, तिचे कागद दुसऱ्या एका लेखिकेनें धुंडाळावे, आणि आम्ही रत्नागिरीकरांनीं मोगऱ्याचा वास घेत बसावें, ह्यापरती शरमेची गोष्ट कोणती?

‘सांपडलेल्या रोजनिशी’बद्दलही एक शब्द. ही युक्ति आमच्या लेखकांस आपली स्वतःची वाटते. ती अडीचशें वर्षांहून जुनी आहे. होरेस वॉलपोल ह्यानें १७६४ सालीं ‘ऑट्रँटोचा किल्ला’ ही भुताखेतांची कादंबरी छापली, ती एका जुन्या इटालियन ग्रंथाचें भाषांतर म्हणून. लोकांस ती आवडली असें दिसतांच पुढच्याच वर्षीं त्यानें दुसऱ्या आवृत्तींत खरें सांगून टाकलें, आणि पुस्तक आपण स्वतः रचलें असें कबूल केलें. ह्या जातीच्या कथांचा मूळपुरुष निदान एक वर्षांत खरें बोलला. आमचे लेखक ‘सत्य घटनेवर आधारित’ हें लेबल आवृत्तीमागून आवृत्ति तसेंच ठेवतात. अंधश्रद्धेविरुद्ध झगडणाऱ्यांनीं ज्यावर बोट ठेवावें तें हें लेबल. कथेंतलें भूत नव्हे. कथेंतल्या भुतानें आजवर कोणाचे पैसे लुबाडल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. ‘हें खरोखर घडलें’ असें सांगणारा मात्र, भगत असो वा प्रकाशक, लुबाडणूकच करीत असतो.

आमच्या भाषेंत ह्या कामाची परंपरा नाहीं असेंही नाहीं. ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, ‘मंजुघोषा’ १८६८ सालची. त्या अद्भुतरम्य कथा होत्या, आणि अद्भुतरम्य म्हणूनच त्या वाचल्या गेल्या. १८७१ सालीं रा. भि. गुंजीकर ह्यांनीं ‘मोचनगड’ लिहून मराठींत ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला. हरिभाऊ आपट्यांनीं ‘उषःकाल’ लिहून त्यावर इमारत उठविली. अलीकडच्या काळांत पाहावें तर चिं. त्र्यं. खानोलकर ह्यांची १९६६ सालची ‘कोंडुरा’ आहे. कोंकणच्या भूमींतील दैवी भयाची ती कथा वाचतांना तो दृष्टान्त खरा कीं मनाचा खेळ, हें वाचकानें स्वतःशीं ठरवावयाचें असतें. लेखक त्याच्या कानांत ओरडत नाहीं. हा संयम साधला म्हणजे विज्ञाननिष्ठ वाचकही पुस्तक खालीं ठेवीत नाहीं.

केवळ दोष दाखवून थांबणें हा टीकाकाराचा आळस होय. म्हणून थिबाच्या वाड्याची भुताची कथा ज्यांस लिहावयाचीच आहे त्यांस आम्ही एक वाट दाखवितों.

ब्रह्मी लोक बौद्ध; तथापि ते ‘नत’ नांवाच्या अतृप्त शक्तींसही मानीत आले आहेत. प्रमुख नत सदतीस, व त्यांतील बहुतेक हिंसेनें किंवा अकालीं मेलेलीं माणसें आहेत. त्यांतला थोर नत महागिरि. तो मूळचा एक बलाढ्य लोहार. राजाला त्याचें भय वाटलें, म्हणून कपटानें धरून त्याला जाळण्यांत आलें, अशी त्यांची कथा आहे. हाच पुढें घराचा रक्षक झाला, आणि त्याच्या नांवानें ब्रह्मी घरांत नारळ टांगतात. नारळ! आमच्या राखणदारालाही नारळच लागतो. आतां ह्याच्या शेजारीं दुसरी गोष्ट ठेवा. थिबा गादीवर आल्यावर १८७९ सालीं मंडालेच्या राजवाड्यांत त्याच्या भाऊबंदांची, राजपुत्रांची व राजकन्यांची, मोठी कत्तल झाली. राजाचा स्वतःचा दोष त्यांत किती, ह्याविषयीं मतभेद आहेत. कत्तल झाली ह्याविषयीं नाहींत. हिंसेनें मेलेलीं माणसें नत होतात असें मानणाऱ्या समाजांतला हा राजा. तीस वर्षें तो रत्नागिरीच्या टेकडीवर पावसाचा आवाज ऐकत बसला. त्या आवाजांत त्याला काय ऐकूं आलें असेल?

येथें कादंबरीकाराचें राज्य सुरू होतें. कोणी कोंकणी मोलकरीण त्या घरांत टांगलेला नारळ पाहते व आपल्या समजुतीप्रमाणें त्याला नमस्कार करते. परदेशची राणी तें पाहते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाहीं, पण भीति एकच आहे, हें दोघींना कळतें. असा प्रसंग घडला असें कोणताही कागद सांगत नाहीं, आणि घडला नाहीं असेंही सांगत नाहीं. तो रचण्याचा लेखकाला पुरा हक्क आहे. ह्यांत भूत आहे, इतिहास आहे, प्रेमास जागा आहे. आणि कोणाही बाईला खोट्या मरणानें मारावें लागत नाहीं. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत राज्याचें पुराभिलेखागार आहे. तेथें चार दिवस घालवावे. येथें येऊन राजाच्या समाधीपुढें, वाड्यांत नव्हे, थोडा वेळ उभें राहावें. एखाद्या गुरवाजवळ बसून गाऱ्हाणें कसें घालतात व कौल कसा लावतात हें ऐकून घ्यावें. आणि मग लेखणी उचलावी. ह्याला वर्ष लागेल, दोन लागतील. लागूं द्यावीं.

शेवटीं पुन्हां त्या थोरल्या राजकन्येकडे येतों. आमच्याकडील समजूत अशी कीं, ज्याचें येणें राहिलें आहे तो फिरतो. तें दिलें कीं शांत होतो. भुताखेतांवर आमचा विश्वास नाहीं, पण येणें-देणें आम्हांस समजतें. त्या बाईचें ह्या गांवाकडून कांहीं येणें राहिलें आहे. भाकरी देण्याची वेळ १९४७ सालींच निघून गेली. टुटूसाठींही ती वेळ आतां उरली नाहीं. त्या घराण्याचे वंशज आज आपल्यासारखेच चारचौघांत राहतात, आणि ‘सत्य घटने’च्या नांवाखालीं आपल्या आजीपणजीचें भूत झालेलें बाजारांत विकत मिळतांना पाहतात. निदान तिचें जितकें आयुष्य होतें तितकें तिला पुस्तकांत जगूं द्यावें, एवढेंच देणें आतां लेखकांच्या हातीं आहे.

ज्या हस्तलिखितांत ती सदुसष्टाव्या वर्षाच्या सुमारास मरेल, त्यांत हवीं तितकीं भुतें असोत, आम्ही तें आनंदानें वाचूं व त्यास ह्या पृष्ठांत जागा देऊं. जीं तिला सज्ज्यांतून ढकलतील तीं साभार परत जातील. लेखकांनीं पुरेसा टपालखर्च सोबत पाठवावा.